कार्पल टनेल सिंड्रोम : शस्त्रक्रियेविना उपचार आणि त्यांची योग्य वेळ

रात्री गाढ झोप लागलेली असताना अंगठा, तर्जनी आणि मध्यमा या बोटांना मुंग्या येऊन जाग येणे, हात दोन-चार वेळा झटकल्यावर थोडे बरे वाटणे आणि पहाटे पुन्हा तोच त्रास सुरू होणे, ही तक्रार शहरातील दवाखान्यांमधून नित्य ऐकू येते. ‘हात अंगाखाली आला असेल’, ‘रक्तपुरवठा कमी पडत असेल’, ‘मानेचा स्पॉन्डिलायटिस असेल’ अशी स्वतःची समजूत घालून अनेक जण कित्येक महिने काढतात. प्रत्यक्षात या लक्षणांमागे बहुतेक वेळा मनगटातील एका मज्जातंतूवर पडणारा दाब असतो. वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ असे म्हणतात.

हा विकार जिवावर बेतणारा नाही. मात्र सुईत दोरा ओवणे, शर्टाचे बटण लावणे, जमिनीवर पडलेले नाणे उचलणे, लेखणी धरणे ही अंगठ्याच्या कौशल्यावर अवलंबून असलेली सारी कामे त्यामुळे हळूहळू अवघड होत जातात. दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास अंगठ्याचे स्नायू झिजतात आणि एकदा झिजलेले स्नायू पूर्ववत होतीलच अशी खात्री देता येत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, सौम्य अवस्थेतील अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज कधीच भासत नाही. योग्य पद्धतीने बांधलेला मनगटपट्टा, काही सोपे व्यायाम आणि दैनंदिन सवयींमधील बदल यांवर त्यांचे भागते. त्यामुळे कोणता उपचार, कोणत्या अवस्थेत आणि किती काळ करावयाचा, याला या विकारात विशेष महत्त्व आहे.

मनगटातील बोगदा

मनगटात आठ लहान हाडे असून ती कमानीसारखी रचलेली असतात. या कमानीच्या उघड्या बाजूवर, म्हणजे तळहाताच्या बाजूने, एक जाड आणि चिवट अस्थिबंध ताणून बसविलेला असतो. हाडांची कमान आणि हा अस्थिबंध यांच्यामधील अरुंद पोकळीला ‘कार्पल टनेल’ म्हणजे मनगटातील बोगदा असे नाव आहे. बोटे व अंगठा मिटविणाऱ्या स्नायूंच्या नऊ कंडरा आणि ‘मीडियन नर्व्ह’ हा मज्जातंतू अशा एकूण दहा दोऱ्या या बोगद्यातून तळहातात प्रवेश करतात.

बोगद्याच्या भिंती लवचीक नसल्यामुळे आतील कोणत्याही घटकाला सूज आली की दाब वाढतो आणि त्याचा फटका सर्वांत मऊ असलेल्या मज्जातंतूला बसतो. अमेरिकेतील शल्यविशारद रिचर्ड गेल्बरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हा दाब प्रत्यक्ष मोजला. मनगट सरळ ठेवलेले असताना निरोगी व्यक्तींमध्ये तो पाऱ्याच्या सरासरी २.५ मिलिमीटर, तर रुग्णांमध्ये ३२ मिलिमीटर इतका आढळला. मनगट पूर्णपणे आत वाकविल्यावर रुग्णांमधील दाब ९४ मिलिमीटरपर्यंत आणि मागे वाकविल्यावर ११० मिलिमीटरपर्यंत चढला. शस्त्रक्रियेविना केल्या जाणाऱ्या उपचारांचे सूत्र या आकड्यांमध्येच दडलेले आहे. मनगट जितका वेळ सरळ राहील, तितका वेळ मज्जातंतूला उसंत मिळते.

रात्रीच त्रास अधिक का होतो, याचा उलगडाही येथेच होतो. झोपेत मनगट नकळत वाकलेले राहते, हात मिटलेले असतात आणि आडवे झाल्यामुळे शरीरातील द्रवाची विभागणी बदलते. मूठ घट्ट मिटली की तळहातातील काही लहान स्नायू बोगद्याच्या तोंडाशी ओढले जातात आणि आधीच अपुरी असलेली जागा आणखी कमी होते.

विकाराचा इतिहास

मनगटाजवळील हाड मोडल्यानंतर मीडियन नर्व्हवर दाब आल्याचे वर्णन ब्रिटिश शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये केले होते. फ्रान्समधील पिएर मारी आणि शार्ल फॉई यांनी १९१३ मध्ये अंगठ्याचे स्नायू झिजलेल्या एका मृत रुग्णाच्या मनगटाची तपासणी केली. अस्थिबंधाखाली मज्जातंतू चेपला गेल्याचे दाखवून देऊन, हा अस्थिबंध वेळीच कापल्यास स्नायूंची हानी टळू शकेल, असे त्यांनी सुचविले. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील जॉर्ज फॅलन यांनी या विकाराचा सविस्तर अभ्यास मांडला आणि तो सर्वसामान्य डॉक्टरांच्या परिचयाचा झाला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी आजही प्रत्येक दवाखान्यात केली जाते.

कोणाला होतो?

हा विकार स्त्रियांमध्ये आणि मध्यम वयात अधिक आढळतो. मधुमेह, थायरॉइडच्या स्रावाची कमतरता, संधिवात, स्थूलता आणि मनगटाचे जुने अस्थिभंग ही त्याची प्रमुख पूरक कारणे होत. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत शरीरात पाणी साठत असल्याने अनेक स्त्रियांना हा त्रास जाणवतो आणि प्रसूतीनंतर बहुतेकींचा तो ओसरतो. स्वीडनमधील सर्वसामान्य लोकसंख्येच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १४ टक्के लोकांनी हाताला मुंग्या, बधिरता किंवा वेदना असल्याचे सांगितले. त्यांच्यापैकी वैद्यकीय तपासणी आणि विद्युत चाचणी या दोन्ही कसोट्यांवर उतरणारे मात्र एकूण लोकसंख्येच्या २.७ टक्केच होते. हाताला मुंग्या आल्या म्हणजे हाच विकार जडला, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

संगणकाच्या कळफलकामुळे हा विकार होतो, अशी शहरी वर्गाची पक्की समजूत आहे. या समजुतीला शास्त्रीय आधार तोकडा आहे. डेन्मार्कमध्ये संगणकावर काम करणाऱ्या सुमारे ७ हजार कर्मचाऱ्यांचा वर्षभर पाठपुरावा करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कळफलकाचा वापर हा या विकाराचा मोठा धोका ठरत नसल्याचे दिसून आले. आठवड्याला २० तासांहून अधिक काळ माउस वापरणाऱ्यांमध्ये मुंग्यांची तक्रार वाढल्याचे मात्र आढळले. जोर लावून वारंवार एकच हालचाल करावी लागणारी कामे आणि सतत कंप पावणारी यंत्रे यांच्याशी या विकाराचा संबंध अधिक स्पष्ट आहे. ड्रिल चालविणारे कामगार, मांस व मासळी प्रक्रिया उद्योगातील कर्मचारी ही त्याची उदाहरणे होत. घरात कणीक मळणे, ओले कपडे पिळणे, खवणीवर नारळ खवणे अशा कामांनी विकार उद्भवतोच असे नाही. असलेला त्रास मात्र त्यांनी बळावतो.

लक्षणे आणि निदान

अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू यांची संवेदना मीडियन नर्व्हकडे असते. करंगळी या क्षेत्राच्या बाहेर असते. म्हणून केवळ करंगळी आणि तिच्या शेजारचे अर्धे बोट बधिर होत असेल, तर दोष कोपराजवळून जाणाऱ्या दुसऱ्या मज्जातंतूत असण्याची शक्यता अधिक. मानेच्या मणक्यांमध्ये मज्जातंतूचे मूळ दाबले गेल्यास वेदना मानेतून दंडाकडे उतरते आणि मान वळविल्यावर वाढते. मनगटातील विकारात वेदना कधी कधी कोपरापर्यंत चढते. पण मानेच्या हालचालीने तिच्यात सहसा फरक पडत नाही. मानेच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसली म्हणून हाताच्या मुंग्यांचे खापर मानेवर फोडण्याची चूक वारंवार घडते. चाळिशीनंतर अशी झीज कित्येकांच्या एक्स-रेमध्ये दिसतेच.

डॉक्टर तपासणीच्या वेळी रुग्णाला दोन्ही मनगटे एक मिनिटभर वाकवून ठेवण्यास सांगतात. तेवढ्यात मुंग्या आल्यास ती फॅलन चाचणी सकारात्मक मानली जाते. मनगटावर हलकेच टिचकी मारल्यावर बोटांत झिणझिण्या येणे, हे टिनेल यांचे लक्षण होय. बोगद्यावर अंगठ्याने अर्धा मिनिट दाब देऊनही परीक्षा केली जाते. निदानाबाबत शंका असल्यास किंवा शस्त्रक्रियेचा विचार असल्यास ‘नर्व्ह कंडक्शन’ चाचणी केली जाते. मनगटातून संदेश किती मंदावतो, हे तिच्यातून समजते आणि विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरविण्यास मदत होते. साखर व थायरॉइड यांची रक्त तपासणीही अनेकदा उपयुक्त ठरते. मूळ आजार आटोक्यात आणल्याशिवाय मनगटावरील उपचारांना पुरेसे यश येत नाही.

अवस्था ओळखणे महत्त्वाचे

दाबाखाली आलेल्या मज्जातंतूची हानी टप्प्याटप्प्याने होते. प्रथम त्याचा सूक्ष्म रक्तपुरवठा अधूनमधून खंडित होतो आणि रात्रीच्या मुंग्या सुरू होतात. दाब कायम राहिल्यास तंतूवरील मायलिनचे वेष्टण विरळ होते आणि संदेश मंदावतात. ही हानी भरून येणारी असते. त्यानंतर प्रत्यक्ष तंतू तुटू लागतात. बधिरता अहोरात्र राहते, वस्तू हातातून निसटतात आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागतो. तुटलेले तंतू पुन्हा वाढतात. परंतु ही वाढ दिवसाला जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि फार काळ निष्क्रिय राहिलेला स्नायू तोवर प्रतिसाद देईनासा होतो.

भौतिकोपचारांचे क्षेत्र पहिल्या दोन टप्प्यांपुरते मर्यादित आहे. लक्षणे येऊन-जाऊन असलेला, स्नायूंची झीज नसलेला आणि बोटांची स्पर्शसंवेदना बव्हंशी शाबूत असलेला रुग्ण या उपचारांना योग्य समजला जातो.

मनगटपट्टा : साधा पण नेमका

मनगट सरळ ठेवणारा पट्टा, म्हणजेच स्प्लिंट, रात्री झोपताना बांधणे हा शस्त्रक्रियेविना उपचारांचा पाया मानला जातो. रक्तवाहिन्या अथवा त्वचेला कोणतीही इजा न करता मनगटातील दाब कमी राखणारा हा उपाय स्वस्तही आहे. त्याचा उपयोग होण्यासाठी काही बाबी काटेकोरपणे पाळाव्या लागतात.

बाजारात मिळणारे अनेक पट्टे मनगट किंचित मागे वाकवून धरणारे असतात. मोडलेल्या हाडानंतर किंवा मुरगळल्यानंतर ते योग्य असतील. या विकारात मात्र त्यांनी दाब वाढू शकतो. सरळ स्थितीतील आणि २० अंश मागे वाकविलेल्या पट्ट्यांची तुलना करणाऱ्या १९९४ मधील अभ्यासात सरळ पट्ट्याने अधिक आराम पडल्याचे दिसले. पट्ट्यातील धातूची पट्टी बाहेर काढून सरळ करून घेणे अथवा भौतिकोपचार वा व्यवसायोपचार तज्ज्ञाकडून हाताच्या मापाचा पट्टा बनवून घेणे इष्ट. बोटे मोकळी राहिली पाहिजेत आणि पट्ट्याचे बंद बोगद्यावर आवळले जाता कामा नयेत. साधे इलॅस्टिक बँडेज घट्ट गुंडाळल्याने मनगट सरळ राहत नाही. उलट बाहेरून दाब मात्र वाढतो.

हाताच्या मापाचे पट्टे बनविणे हे व्यवसायोपचार शाखेचे खास कौशल्य आहे. या शाखेचे भारतातील पहिले विद्यालय १९५० मध्ये कमलाबाई निंबकर यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले.

पट्टा सलग किमान सहा आठवडे, प्रत्येक रात्री वापरावा लागतो. चार रात्रींत गुण आला नाही म्हणून तो कपाटात ठेवून देणे, हे अपयशाचे नेहमीचे कारण आहे. दिवसा सतत पट्टा बांधून ठेवण्याची मात्र बहुतेकांना गरज नसते. त्याने हात आखडतो आणि कामात अडथळा येतो.

पट्ट्याच्या उपयुक्ततेविषयीचे पुरावे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजेत. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीक्षेनुसार, पट्ट्याचा लक्षणांवर किती परिणाम होतो हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. रात्रीच्या पट्ट्याने एकंदर बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण वाढत असावे, एवढे मात्र तिने नमूद केले आहे. ब्रिटनमधील २३४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्टेरॉइडचे एक इंजेक्शन आणि रात्रीचा पट्टा यांची तुलना करण्यात आली. सहा आठवड्यांनंतर इंजेक्शन घेतलेल्यांना अधिक आराम होता. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत फरक उरला नाही.

सरकव्यायाम

बोगद्यातील कंडरा आणि मज्जातंतू हाताच्या प्रत्येक हालचालीबरोबर पुढेमागे सरकत असतात. सूज आणि चिकटपणा यांमुळे हे सरकणे मंदावते. ते मोकळे करण्यासाठी दोन प्रकारचे व्यायाम शिकविले जातात.

कंडरांच्या व्यायामात मनगट सरळ ठेवून बोटांच्या पाच स्थिती क्रमाने घेतल्या जातात. प्रथम बोटे सरळ ताठ ठेवावयाची. नंतर मधले व टोकाचे पेर वाकवून आकड्यासारखा आकार करावयाचा. मग पूर्ण मूठ वळावयाची. त्यानंतर बोटे सरळ ठेवून फक्त मुळाशी काटकोनात वाकवावयाची. आणि शेवटी बोटांची टोके तळहाताच्या बुडाला टेकतील अशी सपाट मूठ करावयाची. मज्जातंतूच्या व्यायामात मुठीपासून आरंभ करून क्रमाने बोटे उघडणे, मनगट मागे नेणे, अंगठा बाजूला ताणणे, तळहात वर वळविणे आणि दुसऱ्या हाताने अंगठ्याला अगदी हलका ताण देणे, असे टप्पे असतात. प्रत्येक स्थिती सुमारे ५ ते ७ सेकंद धरून दिवसातून तीन-चार वेळा हा क्रम केला जातो.

हा व्यायाम ताकद वाढविण्यासाठी नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जोराने ताणल्यास मज्जातंतू चिडतो. व्यायामानंतर मुंग्या काही मिनिटांत ओसरल्या नाहीत, तर ताण अधिक झाला असे समजून तो कमी करावा. याच कारणाने रबरी चेंडू किंवा स्प्रिंगचे साधन दाबत राहण्याचा घरोघरी सांगितला जाणारा उपाय या विकारात टाळलेला बरा. वारंवार घट्ट मूठ आवळल्याने बोगद्यातील दाब वाढतो.

अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात, नेहमीच्या उपचारांना या व्यायामांची जोड दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्क्यांना, तर जोड न दिलेल्यांपैकी ७१ टक्क्यांना शस्त्रक्रिया करावी लागली. त्यात रुग्णांची विभागणी चिठ्ठी पद्धतीने झालेली नसल्याने या आकड्यांवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही आणि नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. ऑस्ट्रेलियात शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षा यादीवरील १०५ रुग्णांवर झालेला २०२० मधील प्रयोग अधिक काटेकोर होता. विकाराची माहिती, रात्रीचा पट्टा आणि घरी करावयाचे व्यायाम असा एकत्रित कार्यक्रम दिलेल्या गटात २४ आठवड्यांनंतर ५९ टक्के रुग्ण शस्त्रक्रियेकडे वळले. नेहमीप्रमाणे वाट पाहणाऱ्या गटात हे प्रमाण ८० टक्के होते.

हस्तोपचार

तज्ज्ञाने स्वतःच्या हातांनी मान, खांदा, दंड आणि मनगट येथील ऊती व सांधे मोकळे करणे, या पद्धतीचा सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रयोग स्पेनमध्ये झाला. सेसार फर्नांडेस दे लास पेन्यास आणि सहकाऱ्यांनी १२० स्त्रियांचे दोन गट करून एका गटाला आठवड्यातून एक याप्रमाणे हस्तोपचाराच्या केवळ तीन बैठका दिल्या, तर दुसऱ्या गटावर शस्त्रक्रिया केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या तीन महिन्यांत हस्तोपचाराचा गट सरस ठरला आणि वर्षअखेरीस दोन्ही गट समान पातळीवर आले. चार वर्षांनंतरच्या पाठपुराव्यातही लक्षणीय फरक दिसला नाही. हा प्रयोग केवळ स्त्रियांवर आणि एकाच ठिकाणी अनुभवी हातांनी झालेला असल्याने तो सर्वांना जसाच्या तसा लागू करणे घाईचे ठरेल.

त्याच्या तुलनेत नेदरलँड्समधील १७६ रुग्णांच्या २००२ मधील प्रयोगाचा कौल वेगळा होता. १८ महिन्यांनंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ९० टक्के, तर पट्ट्याच्या गटातील ७५ टक्के रुग्ण बरे झाले होते. पट्ट्याने आरंभ केलेल्यांपैकी ४१ टक्क्यांनी दरम्यानच्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली होती. याचा अर्थ असा, की शस्त्रक्रियेचा गुण अधिक खात्रीचा आहे आणि तरीही निम्म्याहून अधिक लोक तिच्याविना राहू शकले.

यंत्रोपचारांचे मोल

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जाणे म्हणजे ‘शेक घेणे’ किंवा ‘करंट घेणे’, असा समज आपल्याकडे रूढ आहे. अल्ट्रासाऊंड, लेझर, वॅक्स बाथ, विद्युत प्रवाहाचे विविध प्रकार यांच्या दहा-पंधरा बैठकांवर रुग्णाचा बराच पैसा आणि वेळ खर्च होतो. त्यांचे मोल तपासून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

व्हिएन्ना येथे १९९८ मध्ये झालेल्या प्रयोगात खंडित लहरींच्या अल्ट्रासाऊंडच्या २० बैठका दिल्यानंतर रुग्णांना चांगला गुण आला आणि तो सहा महिने टिकला. नंतरच्या प्रयोगांत मात्र असे ठाम यश सातत्याने दिसले नाही. कॉक्रेनच्या २०१३ मधील समीक्षेने हा पुरावा निकृष्ट दर्जाचा आणि अत्यल्प असल्याचे म्हटले. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनच्या हस्तोपचार व अस्थिविषयक शाखांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत रात्रीच्या सरळ पट्ट्याला अग्रस्थान दिले. कमी शक्तीचा लेझर, चुंबक, विद्युत प्रवाहाने त्वचेतून औषध आत सोडण्याची पद्धत आणि उष्णता निर्माण करणारा अल्ट्रासाऊंड यांचा वापर करू नये, असे त्यांत स्पष्टपणे नमूद आहे. वरवरच्या शेकाने तात्पुरता आराम मिळू शकतो, एवढेच त्या मान्य करतात. बधिर बोटांना उष्णतेची जाणीव कमी असल्याने शेक घेताना भाजण्याचा धोका असतो. मधुमेहींनी याबाबत विशेष दक्षता बाळगावी.

या विकारासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा उपयोगही सिद्ध झालेला नाही. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास हेच जीवनसत्त्व मज्जातंतूंना इजा करू शकते.

योगासनांचा प्रयोग

शस्त्रक्रियेविना उपचारांच्या इतिहासात पुण्याशी नाते असलेला एक प्रयोग नोंदविला पाहिजे. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीच्या शिक्षिका मरियन गार्फिंकल यांनी अमेरिकेत ४२ रुग्णांवर केलेला प्रयोग १९९८ मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा याप्रमाणे आठ आठवडे, हात, खांदे आणि पाठीचा कणा यांची ठेवण सुधारणारी ११ आसने व शिथिलीकरण एका गटाला शिकविण्यात आले. त्या गटातील रुग्णांची पकड सुधारली व वेदना घटल्या. मज्जातंतूतील संदेशवहनाच्या वेगात मात्र पट्टा वापरणाऱ्या गटाच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. प्रयोग लहान असला, तरी मनगटाचा विचार संपूर्ण बाहूच्या आणि खांद्याच्या ठेवणीसह करावा, हा त्याचा धडा उपयुक्त आहे. तळहातावर शरीराचा भार घेणारी अधोमुख श्वानासन किंवा भुजंगासनासारखी आसने मात्र मनगट मागे वाकवून धरतात. त्रास सुरू असताना ती तज्ज्ञाच्या देखरेखीविना करू नयेत.

दैनंदिन सवयी

संगणकावर काम करताना मनगटे टेबलाच्या धारेवर टेकवू नयेत. कळफलक कोपराच्या उंचीवर असावा आणि माउस हाताशी असावा. दर अर्ध्या तासाने मिनिटभर हात मोकळे करावेत. मोबाइल सतत मनगट वाकवून धरण्याऐवजी टेबलावर टेकवून वापरावा. कणीक मळताना जोर बोटांवर व मनगटावर न देता खांद्यातून द्यावा आणि शक्य असल्यास हे काम थोड्या थोड्या पिठाचे करावे. ओले कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवावेत. सुरी, झारा, लाटणे यांची मूठ जाड असल्यास पकडीचा जोर कमी लागतो. दुचाकीवर लांबचा प्रवास करणाऱ्यांनी हँडल घट्ट आवळून धरण्याची सवय सोडावी आणि मधूनमधून थांबावे. रात्री हात उशीखाली दुमडून झोपणेही टाळावे.

केव्हा थांबू नये

सौम्य व मध्यम विकारात पट्टा, व्यायाम आणि सवयींतील बदल यांना सहा आठवडे द्यावेत. गुण येऊ लागला असेल, तर हाच क्रम तीन महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो. तीन महिन्यांनंतरही फरक नसेल, तर त्याच बैठका पुढे चालू ठेवण्यात अर्थ नसतो. अशा वेळी नर्व्ह कंडक्शन चाचणी करून इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेविषयी हाताच्या शल्यविशारदाचा सल्ला घेणे योग्य ठरते.

काही लक्षणे दिसल्यास मात्र हे तीन महिनेही वाट पाहणे धोक्याचे आहे. बोटांची बधिरता दिवसरात्र टिकून राहणे, अंगठा तळहातापासून काटकोनात वर उचलताना ताकद कमी पडणे, अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा दुसऱ्या हाताच्या तुलनेत सपाट दिसणे आणि अपघातानंतर अचानक बधिरता येणे, ही ती लक्षणे होत. मुंग्या आपोआप थांबल्या आणि त्याच वेळी पकड ढिली झाली, तर ते बरे होण्याचे चिन्ह समजू नये. संवेदना वाहून नेणारे तंतू मूक झाल्यानेही मुंग्या थांबतात. वयोवृद्ध रुग्णांमध्ये असे विशेषकरून घडते आणि वेदना नसल्याने ते दवाखान्यात उशिरा पोहोचतात.

शस्त्रक्रियेचेही अकारण भय बाळगण्याचे कारण नाही. स्थानिक भूल देऊन अस्थिबंध मोकळा करण्याची ही छोटी क्रिया असून बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. भौतिकोपचार आणि शस्त्रक्रिया हे एकाच वाटेवरील दोन मुक्काम आहेत. पहिल्या मुक्कामावर किती थांबावयाचे, हे अंगठ्याच्या ताकदीवर आणि बोटांच्या संवेदनेवर ठरते. यासाठी उपचार सुरू करतानाच दोन्ही हातांची पकड, अंगठ्याची ताकद व बोटांची स्पर्शसंवेदना यांची नोंद करून घ्यावी आणि सहाव्या व बाराव्या आठवड्यात ती पुन्हा तपासून पाहावी. या नोंदी हाती असल्या, म्हणजे उपचार पुढे चालू ठेवावयाचा की बदलावयाचा, याचा निर्णय रुग्ण आणि डॉक्टर या दोघांनाही वेळेत घेता येतो.